पेटीचा गुन्हा आणि माझा पुरवणी जबाब

या, अशा जरा जवळ सरका. खांबाला टेकून बसलात तर तुम्हाला डुलकी लागेल, आणि मला वाटेल माझं बोलणं पटून तुम्ही मान डोलावताय. मानेच्या हालचालीचं मला हल्ली भय वाटतं. का वाटतं, तेच सांगायला तुम्हाला बोलावलंय. गोष्ट आख्यानासारखी रंगवून सांगेन, पण एक आधीच कबूल करतो. यात मी जो आहे ना, त्याचं नाव आलं की कीर्तनात बुवा आवाज खाली आणतात आणि झांजवाले दुसरीकडे बघतात.

मी भिकाजी. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो आणि गावात येऊन राहिलो. आचऱ्याच्या अलीकडे आमचा गाव, सातेरीचं देऊळ, देवळाच्या अंगाला माझं घर. गेल्या गणपतीनंतर देवस्थान कमिटीने मला चिटणीस केलं. हे पद कोणालाच नको होतं, पण ते मला नंतर कळलं. चिटणीस झाल्या दिवशी मी देवळाच्या भिंतीवर नोटीस चिकटवली: ‘चिटणीसांच्या परवानगीशिवाय देवस्थानची कोणतीही वस्तू हलवू नये. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, ते लिहिलं नव्हतं. सरकारी नोकरीत तसं लिहीत नाहीत.

बाबलीने ती नोटीस वाचली. बाबली म्हणजे आमच्या देवळाचा मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. तो म्हणाला, “भाऊ, समईत वात सारूक पण तुमका इचारूक व्हया काय?”

“वातीला नको,” मी म्हटलं, “तेलाला विचारा.”

आता माझा दुसरा विशेष सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. मला कीर्तनाचं वेड आहे. बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या की माझी मान सुरू होते ती आरतीलाच थांबते. मधे कोणी चहा विचारला, कोणी जागा मागितली, एकदा तर जानकीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, “घराक आग लागली काय बघून येव?” असं मुद्दाम विचारून पाहिलं, तरी मी मान डोलावत होतो. जानकी म्हणते, “तुमची मान बघून माकाच चक्कर येता.” मी तिला सांगत आलो की ही भक्तीची खूण आहे. अजूनही मला तसंच वाटतं. फक्त भक्तीची खूण कोणत्या दिशेला हलते, याकडे माणसाने थोडं लक्ष ठेवावं.

तर नवरात्र झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी देवळाच्या सामानाची मोजदाद करायला घेतली. तशी ती कोणी करत नाही, मी करतो. झांजा होत्या, पखवाज होता, चौरंग होते. वाजवायची पेटी नव्हती. पेटीच्या जागी फडताळात तिची लाल खोळ तेवढी होती, चौकोनी घडी घालून ठेवलेली.

आता तुम्हीच सांगा, खोळ घडी घालून ठेवणारा चोर असतो का? पण माझ्या डोक्यात आलं, हा सराईत आहे. घाईत नाही, थंड डोक्याचा आहे.

बाबली उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, “रोझारियोन न्हेली आसतली. पावसात रीडा गंजतत, दरवर्षी नवरात्रीनंतर तोच न्हेता आणि सप्त्याआधी हाडून दिता. तेचो बापूस पण न्हेय होतो.”

रोझारियोला तुम्ही ओळखता. वरच्या वाडीवरच्या चर्चमधला बाजा तो वाजवतो, आणि आचऱ्यापासून देवबागपर्यंत जेवढ्या देवळात पेट्या आहेत त्या सगळ्यांचा डॉक्टर तोच.

“मला विचारल्याशिवाय?” मी नोटीसकडे बोट केलं.

“फोन करा मगे.”

फोन केला. बंद. बाबली म्हणाला, “म्हापशाक गेलो आसतलो, भात्याचा कातडा हाडूक. तीन दिवस थांबा. तेवढ्यान जीव ऱ्हवणा नाय तर मी देवीक गाऱ्हाणा घालतंय.”

मी हसलो. हे हसणं मला पुढे फार जड गेलं. “बाबली,” मी म्हटलं, “देवीचं काम देवी करील. पण मालमत्तेला पाय फुटले तर चोवीस तासांत फिर्याद द्यायची असते.” हा नियम कुठे आहे, मला आजही सापडलेला नाही. पण तेव्हा तो माझ्या तोंडून इतक्या रुबाबात आला की मलाच पटला.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हवालदार शर्मिला मॅडम बसल्या होत्या. वय पस्तिशीचं, चष्मा कपाळावर, समोर ढीगभर कागद. मी माझा अर्ज पुढे केला. तीन पानी. अर्ज लिहिणं हा माझा हातखंडा, त्यात एकतीस वर्षं गेली. पेटी ‘देवळातल्या खोलीतून’ गेली एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी लिहिलं: ‘देवस्थानच्या मालमत्तेच्या सुरक्षित ठेवणीसाठी नियत केलेल्या बंद कक्षातून.’ खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. पण ‘बंद’ म्हणायला कडी पुरते असं मी मनाशी ठरवलं.

मॅडमनी वाचलं. “काका, एवढं लिहिलंत म्हणजे कलम वाढलं.”

“वाढू दे,” मी म्हटलं.

“संशय कोणावर?”

इथे मी थांबायला हवं होतं. बाबलीने नाव घेतलं होतं ते ‘नेली असेल’ म्हणून. मी ते ‘चोरली असेल’ म्हणून दिलं. शब्द तोच, रोझारियो. कागदावर गेल्यावर तो रोझारियो उरला नाही, ‘संशयित’ झाला.

दुसऱ्या दिवशी रोझारियो म्हापशाहून परतला आणि एसटीतून उतरल्या उतरल्या पोलिसांना भेटला. त्याच्या पडवीत पेटी मिळाली. मिळाली म्हणजे उघडी मिळाली. भाता एका बाजूला, पट्ट्या दुसऱ्या बाजूला, आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या रीडा, म्हणजे पेटीचे पितळेचे सूर, एकेकाखाली पेन्सिलने नंबर. पोलिसांनी पंच बोलावले, सूर मोजले, पंचनामा केला आणि सगळं एका गोणत्यात भरून वर लाख लावून मोहोर मारली. आमच्या सातेरीची पेटी त्या दिवशी ‘मुद्देमाल’ झाली.

ठाण्यात मलाही ओळख पटवायला बोलावलं होतं. बाकावर रोझारियो बसला होता. पायात चपला, हातात म्हापशाहून आणलेलं कातड्याचं भेंडोळं. मला बघून उठला.

“भाऊ, ह्यांका सांगा मरे! मिया तुमका इचारलंय. ती नोटीस लायलात ना तुमी? तीस वर्सां मिया कोणाक इचारूक नाय, औंदा म्हटलंय, चिटणीसाक इचारूया. मंगळवारचा कीर्तन चालू होता, सुदाम्याचा. तुमच्या कानाकडे येऊन म्हटलंय, ‘भाऊ, पेटी न्हेतंय हां?’ तुमी मान हलयलात.”

ठाण्यात सगळे माझ्याकडे बघू लागले. शर्मिला मॅडम, दोन शिपाई, कोणाची तरी म्हैस हरवली म्हणून आलेला एक म्हातारा.

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला आठवलं. सगळं नाही, पण पुरेसं. सुदाम्याच्या फडक्याची गाठ सुटत होती, बुवांचा आवाज चढला होता, आणि माझ्या उजव्या कानाशी सरसाचा उग्र वास आला होता. कातडं चिकटवायचा सरस. त्या वासाबरोबर कोणीतरी काहीतरी पुटपुटलं होतं. मी डोळे मिटून डोलत होतो.

हे तिथे सांगायला किती वेळ लागला असता? पण मी कल्पना केली. चिटणीस स्वतः नोटीस लावतो, स्वतः परवानगी देतो, स्वतः विसरतो आणि स्वतः फिर्याद करतो. म्हैसवाला म्हातारासुद्धा घरी जाऊन सांगणार.

“मला असं काही आठवत नाही,” मी म्हटलं. शुद्ध मराठीत. खोटं बोलताना माणूस शुद्ध का बोलतो, कोण जाणे.

रोझारियो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. पेटीत एखादा सूर बोलेनासा झाला की तो जसा कान लावून बघतो, तसा.

रात्र त्याने कोठडीत काढली. सकाळी कोर्टात नेलं, जामीन झाला. जामिनाला अटी दोन. फिर्यादीला भेटायचं नाही, आणि केस उभी राहीपर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा ठाण्यात हजेरी लावायची. रविवारी नऊ ते अकरा म्हणजे चर्चमधल्या मिस्साचा, रविवारच्या प्रार्थनेचा वेळ. पहिल्या रविवारी बाजा बंद राहिला, दुसऱ्या रविवारी बंद राहिला. आमच्या पडवीपर्यंत एरवी वाऱ्यावर त्याचे सूर येत. आता नुसती माणसांची गाणी येऊ लागली, तीही वेगवेगळ्या पट्टीत. मी चहा पीत बसलेला असे. जानकी म्हणे, “आयकतास मां? तुमची करणी ती.”

इकडे सप्ताह महिन्यावर आला. पेटी हवी. मी कोर्टात अर्ज केला, मुद्देमाल परत मिळावा म्हणून. मिळाला! माझा ऊर भरून आला. सुपुर्दनाम्यावर सही केली, लाखेच्या मोहोरेसकट गोणतं घरी आणलं आणि मग त्या कागदाचं दुसरं पान वाचलं. ‘सदर मुद्देमाल आहे त्या स्थितीत जतन करीन, त्यात कोणताही बदल करणार नाही.’

आहे त्या स्थितीत. म्हणजे सुटी. म्हणजे गोणत्यात.

वकिलाला विचारलं, जोडून घेतली तर? ते म्हणाले, “मुद्देमालात फेरफार.” मग जोडायची झालीच तर जोडणार कोण? जिल्ह्यात ते काम येणारा एकच माणूस, तो आरोपी. त्याला मला भेटायची बंदी, मला त्याच्याकडे जायचं तोंड नाही. कमिटीची सभा बसली. एकाने सुचवलं गोणतंच मंडपात ठेवूया, देवी समजून घेईल. दुसऱ्याने विचारलं, “मोबायलात पेटी वाजता म्हणतत ना?” चिटणीस म्हणून मी हे सगळं इतिवृत्तात लिहून घेतलं. अक्षर मात्र चांगलं आलं.

त्याच आठवड्यात रोझालिना आमच्या मागल्या दाराशी आली. रोझारियोची बायको. बंदी त्याला होती, हिला नव्हती. जानकी चुलीपाशी होती, मी आतल्या खोलीत. मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

“वेनेसाचे दिवस भरत इले, जानकी,” रोझालिना म्हणाली. वेनेसा त्यांची एकुलती लेक, मस्कतला नर्स. “घोव बोटीर आसा, तेका रजा नाय. आमी दोघां जावचा ठरयला होता. हेचो पासपोर्ट नवो करूक दिलो, तर पोलिसांचो शेरो इलो, गुन्हो दाखल आसा. आता पासपोर्ट गावणा नाय.”

“मगे तू एकटी जा गो.”

“माका खंय येता? पणजीच्या पलीकडे मी एकटी गेल्लंय नाय कधी. इमानात बसूचा, उतरूचा, थंय कोणाक काय सांगूचा? तो वांगडा नसलो तर माझो पाय उचलणा नाय. चेडू एकला काढतला दिवस.” मग ती म्हणाली, “मी भांडूक येवक नाय. तुझ्या घोवाक सांग, वायच आठवून बघ म्हणा.”

रोझालिना गेल्यावर जानकी आत आली, माझ्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “आठवता?”

मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, ते सरळ केलं.

पण दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. खरं सांगायला नाही हो. एवढा मोठा मी तेव्हा नव्हतो. मी गेलो ते क्षमा करायला. रात्रभर विचार करून मी एक भाषण तयार केलं होतं: देवस्थान मोठ्या मनाने हे प्रकरण विसरू इच्छितं, आरोपी गरीब आहे, कलावंत आहे, वगैरे.

शर्मिला मॅडमनी ते ऐकून घेतलं. मग चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“काका, क्षमा करायला गुन्हा तुमचा आहे का?”

“पेटी आमची आहे.”

“पेटी तुमची. गुन्हा शासनाचा. कागदावर बघा, ‘शासन विरुद्ध रोझारियो’. तुम्ही साक्षीदार नंबर एक. साधी चोरी असती तर तुम्ही दोघांनी कोर्टात तडजोड केली असती. पण तुम्ही लिहून दिलंत ना, मालमत्तेच्या सुरक्षित ठेवणीचा बंद कक्ष? त्या कलमात तडजोड नाही.”

माझं लिखाण आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या इतकं कामी आलं.

“मग वाट काय?”

“चोरी झालीच नाही असं तपासात निघालं तर आम्ही कोर्टाला समरी, म्हणजे गुन्हा बंद करायचा अहवाल, पाठवतो. फिर्याद मुद्दाम खोटी असली तर ‘ब’ समरी, मग फिर्यादीवरच कारवाई. गैरसमजातून दिलेली असली तर ‘क’.” मॅडम माझ्याकडे बघत होत्या. “तुम्हाला काही आठवलंय का?”

‘ब’ हे अक्षर माझ्या डोळ्यांपुढे इतकं मोठं झालं की त्यामागे वेनेसा दिसेनाशी झाली. “नाही,” मी म्हटलं. “सहज विचारलं.”

आणि घरी आलो. त्यानंतर तेरा दिवस मी गप्प बसलो. हे तेरा दिवस लक्षात ठेवा.

सप्ताह बसला. बुवा आले, साताऱ्याकडचे, आवाज मोठा गोड. त्यांनी विचारलं, “पेटी?” मी म्हटलं, “न्यायप्रविष्ट आहे.” बुवा तंबोऱ्याच्या साथीवर उभे राहिले. मोबाईलमधली पेटी लावली होती, ती दर थोड्या वेळाने कसली तरी जाहिरात सांगायची. आख्यान लावलं होतं धर्मराजाचं. युद्धात धर्मराज अर्धं सत्य बोलतो आणि जमिनीवर चार बोटं तरंगणारा त्याचा रथ खाली टेकतो, ते. बुवा सांगत होते, बाबांनो, पूर्ण खोटं बोलला असता तर एकदाच बोलला असता. अर्धं खरं बोलला म्हणून जन्मभर त्याच्या कानात ते वाजत राहिलं.

बाबली माझ्या शेजारी होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “भाऊ, आज तुमची मान हलणा नाय ती?”

शेवटच्या दिवशी काल्याआधी गाऱ्हाणं असतं. सगळा गाव देवळात. बाबलीने हातात नारळ घेतला आणि मागे वळून म्हणाला, “रोझारियोच्या केशीचा पण गाऱ्हाणा घालूचा आसा. ती पेटी आपल्या देवीची. भाऊ, पुढे येवा. फिर्यादी तुमी.”

मी पुढे गेलो. आमच्याकडे गाऱ्हाण्याची एक रीत आहे. देवीला आधी घडलेलं सगळं सांगायचं, मग मागायचं. कोर्टात जबाब अर्धा चालतो, आठवत नाही म्हटलं तरी चालतो. इथे तसं चालत नाही.

“काय सांगू देवीक?” बाबलीने विचारलं. “रोझारियोन तुमका इचारलो काय नाय? माका एक काय ता सांगा. खोटा सांगून मी गाऱ्हाणा घालूचंय नाय, माझ्या आज्यान घालूक नाय.”

दाराबाहेर, जांभ्याच्या पायरीवर, रोझारियो उभा होता. दरवर्षी काल्याच्या प्रसादाला येतो तसाच आला होता, फक्त अट मोडू नये म्हणून माझ्यापासून वीस पावलं दूर.

“विचारलं होतं,” मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. “त्याने मला विचारलं होतं. मी मान हलवली होती. मला ठाण्यात आठवलं होतं आणि मी नाही म्हटलं.”

त्यावर, सवयीने, सगळ्या देवळाने एका आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

आयुष्यात माझ्या एखाद्या वाक्याला एवढी सर्वानुमते मंजुरी मिळाली नव्हती.

मग बाबलीने नारळ वर धरला. “हे माये सातेरी! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत…” “व्हय म्हाराजा!” “ह्या आमच्या चिटणीसान कीर्तनात मान हलयली, मगे ठाण्यात नाय म्हणान सांगितल्यान…” “व्हय म्हाराजा!” “तेची चूक पोटात घाल, आणि रोझारियोवरची ही जी काय केस आसा ती ‘क’ समरीत जावं दी…” “व्हय म्हाराजा!” ‘क’ समरीचा उच्चार देवीने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात माझा पुरवणी जबाब झाला. शर्मिला मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी पेन उघडलं.

“मान कशी हलवली? उभी की आडवी?”

“गोल.”

“गोल कशी असेल? हो ची उभी असते, नाही ची आडवी असते.”

“तल्लीनतेची गोल असते.”

मॅडमनी पेन ठेवलं आणि मालवणीत आल्या. “काका, माका कोर्टाक कळात असा सांगा. करून दाखवा.”

दोन पंच बोलावले. एक ठाण्याबाहेरचा चहावाला, दुसरा झेरॉक्सवाला. चहावाल्याला रोझारियो केलं. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “भाऊ, पेटी न्हेतंय हां?” आणि मी डोळे मिटून, पोलीस ठाण्यातल्या लोखंडी खुर्चीत, सुदामा आठवायचा प्रयत्न करत मान हलवली. चार माणसं आणि एक कुत्रा बघत होते. मॅडमनी लिहिलं: ‘फिर्यादी यांनी मान वरून खाली अंदाजे चार वेळा व तद्नंतर वर्तुळाकार हलवून दाखविली. सदर हालचाल पाहणाऱ्यास होकारार्थी वाटते.’ झेरॉक्सवाल्याने सही करताना विचारलं, “परत एकदा दाखवशात काय?”

समरीचा कागद साहेबांच्या सहीला गेला, वर गेला, खाली आला, सरकारी वकिलांकडे गेला, सुट्टीवर गेला. कोर्टाची तारीख लागली ती तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, “गुन्हा बंद करायला तुमची हरकत आहे का?”

मी नकारार्थी मान हलवायला लागलो. सरकारी वकील घाईने म्हणाले, “तोंडाने सांगा, तोंडाने!”

“हरकत नाही.”

“पहिल्या दिवशी आठवलं होतं असं जबाबात लिहिलंय. मग इतके दिवस का बोलला नाहीत?”

मी वकिलाने शिकवलेलं उत्तर विसरलो. “लाज वाटली, साहेब.”

त्यांनी लेखनिकाला काहीतरी सांगितलं. नंतर नक्कल काढली तेव्हा पाहिलं, आदेशात आहे: ‘फिर्यादीस लाज वाटल्याने विलंब झाला.’ मी उभ्या आयुष्यात हजारो टिपण्या लिहिल्या, पण इतकी नेमकी एकही नाही. ‘क’ समरी मंजूर झाली. कोर्टाने समज देऊन मला सोडलं.

बाहेर व्हरांड्यात रोझारियो आणि रोझालिना होती. अट उठली होती, आता बोलायला हरकत नव्हती. मी हात जोडले आणि म्हटलं, “आता पासपोर्ट मिळेल. वेनेसाकडे वेळेत पोचाल.”

रोझारियोने फोन काढून माझ्यापुढे धरला. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं तोंड.

“बुधवारी झाला. चेडू.”

मुलगी झाली होती, बुधवारी. आज शुक्रवार होता.

“रात्रभर कळा,” रोझालिना म्हणाली, माझ्याकडे न बघता. “दुसरी एक केरळची नर्स, तेणी हात धरल्यान. आमी फोनार होतो. फोन मधीच बंद पडलो. परत लागलो तेव्हा चेडवाचोच आवाज इलो, रडण्याचो.”

दोन दिवस. माझे तेरा दिवस तुम्ही लक्षात ठेवलेत ना? त्यातले निम्मे कमी केले असते तरी मंजुरी त्या बुधवारच्या आधी आली असती. हा हिशेब मी रोज करतो. वकील म्हणतात, पासपोर्टलाही वेळ लागला असता, तिकिटं मिळाली नसती. ते चांगले गृहस्थ आहेत.

पुढे पासपोर्ट आला, दोघं नाताळानंतर मस्कतला जाऊन आली. परत आल्यावर एका सकाळी रोझारियो माझ्या पडवीत आला. मुद्देमाल सुटला होता. गोणतं उघडून तो सूर मांडत बसला. पेन्सिलचे नंबर असलेलं वर्तमानपत्र पोलिसांनी फेकलं होतं, त्यामुळे एकेक सूर कानाशी धरून, फुंकून, त्याने परत लावला. जानकीने त्याला चहा दिला, मला दिला नाही. काम घरी न्यायचं ठरलं तेव्हा त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर त्याने लिहून आणलं होतं: ‘पेटी दुरुस्तीस नेली.’

“सही करा, भाऊ,” तो म्हणाला. “मान नको.”

तो हसला. मला हसता आलं नाही. मी सही केली, तारीख घातली, आणि पेटी त्याच्या स्कूटरला नीट बांधेपर्यंत मागे उभा राहिलो. जाताना तो एवढंच बोलला, “थंयसर वेनेसा अजून घाबारता, भाऊ. पोर झोपला तरी दर घटकेक उठून बघता. कोण नाय ना वांगडा, सोबतीक.”

ऐकलंत तुम्ही सगळं. गाऱ्हाण्यानंतर आपण आपल्या माणसांसाठी देवीकडे काही ना काही मागतो, आणि वरच्या वाडीवरचे तुम्ही लोक रविवारी चर्चमध्ये मागता. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यासाठी काही मागू नका. पण हात जोडाल तेव्हा एक नाव घेत जा: वेनेसा. रोझारियोची वेनेसा, मस्कतला, पोर उराशी घेऊन जागी असते ती.